इंदूला घातलेली शपथ

बबनचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत बाळांची वजनं करत होते. फोन उचलून नेहमीसारखं म्हटलं, "बोला भावजी." पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज. मग बबन म्हणाला, "वहिनी, ही उठंना." ना रडणं, ना आरडाओरडा. "हाका मारल्या, तोंडावर पानी मारलं. डोळं उघडती आन् पुन्ना मिटती. अंग निस्तं गार पडलंय." मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स बोलवा, तिथं श्रीगोंद्यात थांबू नका, सरळ नगरला न्या. झोळीतलं बाळ त्याच्या आईच्या हातात दिलं आणि होते तशी स्टँडवर गेले. मी गावची आशा सेविका आहे. कितीतरी माणसांना धीर देत दवाखान्यात नेलंय. पण त्या दिवशी जामखेड ते नगर अख्ख्या रस्त्यात मला स्वतःलाच धीर देता येईना. आष्टी गेली, कडा गेलं... कंडक्टर दोनदा तिकीट मागून गेला, तेव्हा कुठं मी भानावर आले.

चौथ्या दिवशी इंदू गेली. त्याला आता काही आठवडे झाले. लिहायची मला सवय आहे ती रजिस्टरापुरती. कुणाला ताप, कुणाचे दिवस भरत आले, एवढंच. हे लिहितेय ते भीतीनं. कशाची भीती, ते पुढं येईलच.

इंदू माझी चुलत जाऊ, म्हणजे बबनची बायको. एकाच वैशाखात पंधरा दिवसांच्या अंतरानं आम्ही दोघी त्या भावकीत आलो. घरं शेजारी, मधे एक बोरीचं झाड, आणि त्या बोरांवरून दोन्ही सासवांचं भांडण. सासवा एकमेकींचं तोंड बघायच्या नाहीत, आम्ही मात्र धुणं बरोबरच न्यायचो. मी बारावी झालेली, इंदू सातवी. मला ती अक्का म्हणायची. वयानं खरं तर तीच दोन महिन्यांनी मोठी. "नात्यानं तू थोरली, मंग मी काय करू?" असं म्हणून सणासुदीला पाया पडायला वाकायची, आणि वाकल्या वाकल्या पायाला चिमटा काढायची. घरच्यांना वाटायचं, काय संस्काराची सून आहे!

तेव्हापासून आमच्यात शपथा चालायच्या. अजून अर्धी भाकर खा, तुला माझी शपथ. हे सासूला सांगू नको, शपथ हाय. आमच्याकडं शपथ ज्यानं घातली त्यानंच ती सोडवायची असते. "सुटली" असं तोंडानं म्हणावं लागतं, नाहीतर ती तशीच राहते. मला हा पोरखेळ वाटायचा. इंदूला नाही. एकदा कशावरून तरी रुसून मी तिला म्हटलं, माझ्याशी बोललीस तर शपथ हाय, आणि विसरून माहेरी निघून गेले. आठ दिवसांनी परतले तर ही बया माझ्याशी हातवारे करून बोलतेय! "सुटली गं बाई, सुटली," म्हटल्यावर तिनं आठ दिवसांचं सगळं एका दमात बोलून घेतलं. मी पोट धरून हसले होते. 

दिवाळी आटोपली की ती आणि बबन श्रीगोंद्याकडं उसाला जायचे. बबननं ऊस तोडायचा, इंदूनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या. पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत संसार. त्यांची एकुलती एक पूजा लहान होती तोवर त्या काळात माझ्याकडंच असायची. आता ती नगरला कॉलेजात आहे, हॉस्टेलवर राहते. पूजा शिकली हा इंदूचा एकमेव तोरा. गावात कुणीही भेटलं की दोन वाक्यांनंतर तिसरं वाक्य पूजाचं.

गेल्या श्रावणात इंदू वाळायला लागली. खाणं दुप्पट आणि अंगावर मांस नाही. हात थरथरायचे, चहाची बशी वाजायची. घामानं चोळी भिजलेली, डोळे बटबटीत. आणि काम तर असं झपाट्यानं करायची की घासलेली भांडी पुन्हा घासून ठेवायची. आधी आम्ही हसलो. मी तिला भिंगरी म्हणायला लागले. मग एक दिवस गणपतीच्या आरतीला उभी असताना तिनं माझा हात ओढून स्वतःच्या छातीवर ठेवला. आत काळीज नुसतं उधळलं होतं. "अक्का, ह्ये बंद पडंल का गं?" तिनं विचारलं. मी तिला दुसऱ्याच दिवशी नगरला नेलं. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त पळतेय, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिला आवरायला गोळ्या दिल्या, दिवसातून तीनदा. डॉक्टर म्हणाले, गोळी मनानं बंद करायची नाही, चुकवायची नाही. आणि असंही म्हणाले, की दीड महिन्यानं रक्त तपासून या, मग गोळी कमी करू. दोन्ही वाक्यं आम्ही दोघींनी ऐकली. मी पहिलं धरून ठेवलं.

असं का केलं, ते सांगायलाच हवं. माझ्या हाताखालून टीबीचे किती पेशंट गेले. सहा महिने गोळ्या, एकही दिवस खाडा नाही, हे मी उंबऱ्या-उंबऱ्यावर घोकून सांगते. वरच्या आळीतल्या एकाला तीन महिन्यांत बरं वाटलं आणि त्यानं मला चुकवून गोळ्या सोडल्या. उन्हाळ्यात त्याची तिरडी माझ्या दारावरून गेली. तेव्हापासून गोळी म्हटली की मला एकच कळतं, ती थांबता कामा नये. टीबीची गोळी वेगळी, थायरॉईडची वेगळी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. आशाताईला सगळं कळतं असं गावाला वाटतं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटायचं.

ऊसतोडीची टोळी निघायची वेळ आली. दीड महिना नुकताच भरला होता. मी ओळखीच्या मेडिकलमधून सगळ्या हंगामाच्या गोळ्या एकदम आणल्या. प्रत्येक पट्टीवर पेनानं महिन्याचं नाव घातलं, म्हणजे इंदूचा घोळ व्हायला नको. मला माझाच अभिमान वाटत होता. पट्ट्या पिशवीत भरता भरता इंदू म्हणाली, "अक्का, त्ये रगत तपासायचं ऱ्हायलं की." मी म्हटलं, "ते तिकडं गेल्यावर बघू. गोळी तेवढी चुकवू नको." ती हसली. "आन् चुकली तर?" मला तो वरच्या आळीतला माणूस दिसला. "चेष्टा न्हाई इंदे. तुला पूजाची शपथ हाय, एक जरी गोळी चुकवलीस तर."

तिचं हसू गेलं. "पूजाची नगं घालू गं," ती म्हणाली. मी म्हटलं, घातली. झालं.

मग रोज तिचे तीन मिस्ड कॉल यायला लागले. सकाळी एक, दुपारी एक, दिवेलागणीला एक. एकच रिंग, लगेच बंद. म्हणजे गोळी घेतली. मी भाकरी थापत असले तरी नुसतं फोनकडं बघायचे आणि मनात बरोबरची खूण करायचे. मधूनमधून बोलणं व्हायचं. महिनाभरानं टोळीतल्या एका बाईनं व्हिडिओवर दाखवलं, इंदूचं अंग भरलं होतं, गाल वर आले होते. "बगा ताई, कशी तब्येत सुदारली हिची!" मागून बायका चिडवत होत्या. मीही म्हटलं, गोळी लागू पडली. पुढच्या महिन्यात तिचा आवाज जड आला, बाप्यासारखा घोगरा. मी म्हटलं, पहाटेच्या दहिवरात भिजतेस, सर्दी झाली असेल. एक वाक्य बोलायला ती वेळ घ्यायची. मला वाटलं दमली असेल. ती म्हणायची, "लई झोप येती अक्का. मोळीवर बसल्या बसल्या डोळा लागतो." आठ दिवसांचं एका दमात बोलणारी बाई तीन शब्दांवर थांबत होती आणि मला सर्दीच सुचत होती.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी श्रीगोंद्याकडं त्यांच्या फडावर गेले. कोपीबाहेर भर दुपारच्या उन्हात एक बाई दोन शाली गुंडाळून बसली होती. मी तिलाच विचारलं, "इंदूबाईंची कोपी कोणती हो?" तिनं हळूहळू मान वर केली... आणि म्हणाली, "अक्का, मीच."

माझ्या हातातला डबा खाली पडला. चेहरा सुजून गोल झालेला, भुवया विरळ, कातडी खरबरीत. बांगड्या मनगटात रुतल्या म्हणून त्या वाढवून मोठ्या मापाच्या भरल्या होत्या. गरोदर बायकांची सूज बघतात तसं मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. साध्या सुजेला खड्डा पडतो. इथं खड्डा पडलाच नाही. खरी घाबरले ती तेव्हा, कारण हे माझ्या ओळखीचं काहीच नव्हतं. बबन बिचारा म्हणाला, "वहिनी, आमाला वाटलं बरी व्हायली. वजन वाढलं म्हनून मीच लोकास्नी सांगत हुतो."

तालुक्याच्या गावी एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी रक्त घेतलं, दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट बघितला आणि पट्टी हातात धरून विचारलं, "ह्या किती दिवस चालू आहेत?" मी म्हटलं, चार महिने, एक पण चुकली नाही. हे मी छाती पुढं काढून सांगितलं! बाईंनी विचारलं, "आणि मधे रक्त?" मी म्हटलं, राहिलं. मग त्यांनी समजावलं. आधी ग्रंथी पळत होती, गोळीनं तिला आवरलं. ती आवरल्यावर गोळी कमी करायची असते. तुम्ही आवरतच राहिलात, आता ती काम करायचीच थांबलीय. माणसाचं सगळं अंग तिच्यावर चालतं, म्हणून सगळंच मंदावलंय. "ही गोळी आजपासून बंद. बहुतेक ग्रंथी आपोआप जागी होईल. दोन आठवड्यांनी परत दाखवा, नाही झाली तर दुसरी गोळी सुरू करू. आणि हे अंगावर काढू नका. थंडी-ताप आला, जास्त गुंगी आली, तर त्याच दिवशी या."

बाहेर आल्यावर इंदूनं माझा पदर धरला. "अक्का, खरंच बंद करू?"

"डॉक्टरीण बाई म्हणाल्या ना?"

"तू सांग."

"अगं, बंद म्हणजे बंद!"

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. काहीतरी ऐकायचं राहिल्यासारखी. मला परतीची एसटी गाठायची होती, दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं. मी तिला घरी चल म्हणून खूप म्हटलं, पण बबनला एकट्याला टाकून ती येईना. कोपीत बसून राहीन, मोळीला हात लावणार नाही, एवढं तिनं कबूल केलं. मी तेवढ्यावर निघाले.

त्या दिवसापासून मिस्ड कॉल बंद झाले. म्हणजे गोळ्या बंद, असा मी सरळ हिशोब केला. फोनवर ती "बरी हाय" म्हणायची, त्याच जड आवाजात. दोन आठवडे झाले तेव्हा बबन म्हणाला, हा फड संपला की दाखवून आणतो. मी म्हटलं, बरं. आयुष्यात मी किती वेळा "बरं" म्हटलं असेल, पण तेवढं एक मला परत घ्यायचंय. तिसऱ्या आठवड्यात तिला खोकला झाला, ताप आला, आणि मग अंगणवाडीत माझा फोन वाजला.

नगरच्या दवाखान्यात तिला ब्लँकेटांत गुंडाळून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, ग्रंथी पार थंडावलीय, वर न्यूमोनिया. नाडी अगदी मंद. "त्या जुन्या गोळ्या बंद होत्या ना?" मी म्हटलं, हो, तीन आठवडे झाले. मग नर्सनं तिच्या अंगावरचं सामान माझ्याकडं दिलं. जोडवी, मंगळसूत्र, आणि कमरेची पिशवी. पिशवीत एक पट्टी होती. अर्धी संपलेली. तिच्यावर पेनानं लिहिलं होतं, फेब्रुवारी. अक्षर माझं.

मी पट्टी घेऊन डॉक्टरांच्या मागं पळाले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी औषधांनी तिनं थोडे डोळे उघडले. मी वाकून विचारलं, "का गं इंदे? बंद सांगितलं होतं ना?"  ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. मग आलं ते एवढंच, "तू सुटली म्हनली न्हाईस... पूजाची हुती."

मी ओरडलेच. "सुटली! सुटली गं, सुटली!" शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठली. नर्स धावत आली. इंदूनं डोळे मिटले होते. तिनं ऐकलं का, मला माहीत नाही. त्यानंतर ती बोलली नाही.

कागदावर न्यूमोनिया लिहून आलं, आणि ते खोटं नव्हतं. तेराव्याला पूजानं मला विचारलं, "काकू, आई नेमकी कशानं गेली?" मी म्हटलं, न्यूमोनिया. ती म्हणाली, "एवढ्यानं?" मी पुरणाचा गॅस बघायला आत गेले. तेव्हापासून मला त्या पोरीची भीती बसली. जिला मी न्हाऊ-माखू घातलं, तिचा फोन वाजला की मी परसात जायचे. तिच्या आईनं तिच्या जिवासाठी विष पचवावं तशी गोळी पचवली, आणि ती शपथ मी घातली होती. हे तिला कसं सांगू? आणि न सांगता तिला जेवायला कसं वाढू? तोंडानं जमेना म्हणून हे लिहायला घेतलं. पेपरच्या पुरवणीत छापून आलं तर ती वाचेल, मी समोर नसेन, असा माझा भित्रा बेत होता. पण ती परवा अचानक घरी आली. माझं चित्त थाऱ्यावर नाही हे तिनं ओळखलं असावं. जेवणं झाली, मी नको म्हणत असताना तिनं भांडी घासली. मग मी वही तिच्यापुढं ठेवली. तोवर जेवढी लिहिली होती तेवढी.

ती उंबऱ्यात बसून वाचत होती. मी चुलीशी. पानं उलटायचा आवाज आला की मी मोजत होते, आता किती राहिलीत. शेवटी तिनं वही मिटली. मला वाटलं, आता ही उठून जाईल, आणि जायलाच हवं. पण ती म्हणाली, "काकू, यात एक राहिलंय. आईनं गोळी बंद केली होती."

"कधी?" मी विचारलं.

"संक्रांतीनंतर, तुम्ही तिला दाखवून आलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी मैत्रिणीच्या स्कूटीवरून पडले. दुपारी. गुडघा फुटला, बाकी काही नाही. संध्याकाळी आईचा फोन आला, मी सांगून टाकलं.  तिनं लगेच विचारलं, 'कवा पडलीस? दुपारी का?' मी म्हटलं, हो. तर म्हणाली, 'आज सकाळपासनं घेतली न्हाई मी.' काय घेतली नाही, मला कळलंच नाही. मी विचारलं पण नाही, मेसची वेळ झाली होती... दुसऱ्या दिवसापासून तिचे तीन-तीनदा फोन. 'हाईस ना बरी?' मी वैतागायचे काकू. शेवटी शेवटी उचलत नव्हते."

म्हणजे माझ्याकडं येणारे फोन थांबले होते ते पूजाकडं जात होते. म्हणजे इंदूनं माझं ऐकलं होतं. न सुटलेली शपथ मोडून, काळजावर दगड ठेवून, तिनं एक दिवस गोळी बंद ठेवली. आणि त्याच दिवशी तिची पोर रस्त्यावर पडली. त्यानंतर जगातली कोणती डॉक्टरीण तिला थांबवू शकली असती?

पूजा जमिनीकडं बघत म्हणाली, "मी पडले ते सांगितलंच नसतं तर..."

"तुला माझी शपथ..." एवढं माझ्या ओठांवर आलं होतं. असं मनात आणशील तर तुला माझी शपथ हाय, हेच म्हणणार होते. बाईमाणसाची जीभ आयुष्यभराच्या सवयीनं वळते. मी तोंड घट्ट मिटून घेतलं.  मी सरकत तिच्याजवळ गेले आणि तिचा हात हातात घेतला. तो गार लागला. नुकतीच भांडी घासून बसली होती, त्यामुळंच असणार. तरीही मी तो दोन्ही हातांत धरून चोळत राहिले... ऊब येईपर्यंत सोडायचा मला धीर झाला नाही.